होतकरू

पहिल्या दिवशी त्याने माझ्याशी डाव्या हाताने शेकहँड केला. उजवा हात पोटाशी धरलेला होता, एखाद्या पेंगुळलेल्या पोराला धरावं तसा. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल बिचाऱ्याच्या. म्हणून मी काही विचारलं नाही. गल्फमध्ये बरीच वर्षं नोकरी केलेली माणसं नव्या माणसाला फारसं विचारत नाहीत. प्रोबेशन संपेपर्यंत तो टिकतो का, ते आधी बघतात.

दुपारी आमचे लेबनीज जनरल मॅनेजर त्याला भेटायला आले. त्यांच्यापुढेही ह्याने डावाच हात केला. अरब माणसापुढे डावा हात करणं म्हणजे काय, हे शारजात जन्मलेल्या आणि तिथेच वाढलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं कसं होईल? चांगलं ठाऊक होतं. जनरल मॅनेजरांच्या भुवया वर गेल्या.

"हबीबी, लेफ्ट?"

"सॉरी सर," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "राइट इज ऑन ड्यूटी."

जनरल मॅनेजर हसले म्हणून निभावलं. ते गेल्यावर मी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की तो बेसबॉलमध्ये पिचर आहे आणि त्याच्या उजव्या हाताकडून लोकांच्या मोठ्या अपेक्षा आहेत.

"कोणत्या लोकांच्या?" मी विचारलं.

तो जरा विचारात पडला. "म्हणजे... बाबांच्या," तो म्हणाला. "आणि मग बाबा ज्यांना ज्यांना सांगतात, त्यांच्या."

आमची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बनवते. मी लॉजिस्टिक्स सांभाळते आणि तो माझ्या हाताखाली शिपिंगचे कागद बघायला आला होता. ऑफिसात मला 'मॅडम' म्हणायचा. नंतर समजलं की त्याचे आईवडील शारजात आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि आमच्या मराठी मंडळाचे जुने सभासद आहेत, तेव्हा ऑफिसच्या बाहेर मी त्याची 'ताई' झाले.

मराठीत 'होतकरू' असा एक शब्द आहे. शब्द चांगलाच आहे, पण त्याला एक्स्पायरी डेट असते. सतराव्या वर्षी माणूस होतकरू असला तर लोक त्याची पाठ थोपटतात. पंचविसाव्या वर्षी असला तर 'काय, कुठवर आलं?' म्हणून चौकशी करतात. आणि तिशी ओलांडल्यावरही होतकरूच राहिला, तर त्याच्या आईला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलतात. तो माझ्याकडे आला तेव्हा ह्या तिसऱ्या अवस्थेत होता.

तो हात त्याने ज्या निष्ठेने सांभाळला, त्या निष्ठेने लोक आपले संसार सांभाळत नाहीत. लॅपटॉपची बॅग डाव्या खांद्यावर. गाडीचं दार डाव्या हाताने. एसीचा झोत उजव्या खांद्यावर येतो म्हणून त्याने ऑफिसातली आपली जागा तीनदा बदलून घेतली, आणि शेवटी एका खांबामागे जाऊन बसला, जिथून तो कोणालाच दिसत नसे. बाहेर पंचेचाळीस डिग्री तापमान असताना हा उजव्या हाताला लोकरीची बाही चढवून फिरायचा. एकच बाही. उरलेला शर्ट अर्ध्या बाह्यांचा.

मंडळाच्या गणपतीत तर त्याने प्रसादच डाव्या हाताने घेतला. मंडळाचे अध्यक्ष स्वतः प्रसाद वाटत होते. ते थांबले. त्यांच्या मागची रांग थांबली.

"अरे, उजवा हात कर," अध्यक्ष म्हणाले.

"काका, त्याला आत्ताच बर्फ लावलाय," तो म्हणाला. "बोटं सुन्न आहेत. मोदक पडला तर जास्त वाईट ना?"

 अध्यक्षांनी मोदक थेट त्याच्या तोंडात घातला आणि रांग पुढे सरकली. माझी मुलगी सगळं बघत होती. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आई, ही इज ऑलवेज अबाउट टू बी समथिंग." मी तिला म्हटलं, असं बोलू नये. पण त्या एका वाक्यात जे आलं ते मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे त्याचे वडील. काका जहाज दुरुस्तीच्या एका कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. आता मुलाच्या व्हिसावर राहत. सडसडीत, टापटीप, शर्टाच्या खिशाला नेहमी पेन. मुलगा लहानपणी क्रिकेट खेळायचा आणि फार फास्ट बोलिंग करायचा. एका स्थानिक पेपरात त्याचा फोटो आला, तो काकांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला, आणि येईल त्या माणसाला फोटोखाली उभं करून चहा दिला. पुढे एका मॅचमध्ये अंपायरने हाताकडे नीट बघितलं आणि सांगितलं की हा बोलिंग करत नाही, फेकतो. कोपर वाकतं. नो बॉल. पुन्हा नो बॉल. आपल्याकडे 'फेकतो' ह्या शब्दाचा दुसरा अर्थही सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मंडळात ह्यावर पुष्कळ विनोद झाले, आणि ते मुलापेक्षा काकांवरच जास्त झाले.

मुलाने क्रिकेट सोडलं. पण काका हरणारे नव्हते. फेकणं हाच ज्या खेळात गुण आहे असा खेळ जगात असलाच पाहिजे, ह्या विचाराने त्यांनी शोध सुरू केला आणि दुबईतल्या एका शाळेच्या मैदानावर शनिवारी बेसबॉल शिकवणारा एक अमेरिकन मास्तर गाठला. मास्तरने मुलाला एक चेंडू फेकायला सांगितला, दुसरा फेकायला सांगितला, आणि मग आपली टोपी काढून डोकं खाजवलं. "दिस आर्म," तो काकांना म्हणाला, "कॅन गो प्लेसेस."

त्या वाक्यावर काका दहा-बारा वर्षं जगले.

मंडळात "माझा मुलगा पिचर आहे" म्हटल्यावर लोक "कुठल्या पिक्चरमध्ये?" असं विचारत. मग काका सगळा बेसबॉल समजावून सांगत. खरं तर मलाही तो त्यांच्याकडूनच कळला. बॅट्समनच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत हवेत एक न दिसणारी खिडकी असते. पिचरने चेंडू त्या खिडकीतून मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचवायचा. बॅट्समन तीनदा चुकला की आऊट. पण पिचरचाच नेम चारदा चुकला, तर बॅट्समन बॅट टाकून, काही न करता, आयता पहिल्या बेसवर चालत जातो. ह्या शेवटच्या कलमाला मात्र काका घाईघाईने स्पर्श करून पुढे जात, कारण त्यांच्या मुलाच्या चेंडूवर दुबईतले बरेच बॅट्समन असे आयते चालत गेलेले होते.

मंडळाने त्याचा सत्कारही केला. एकदा नाही, तीनदा. अमेरिकेतल्या कुठल्याशा ट्रायलला गेला तेव्हा जाण्याआधी एक. तिथून परत आला तेव्हा, परत येण्याला काही निमित्त हवं म्हणून, दुसरा. आणि एका वर्षी मुख्य पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत आणि शाल आणून ठेवलेली होती, म्हणून तिसरा. तिन्ही वेळा त्याने नारळ डाव्या हातात घेतला.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की फॅक्टरीच्या पार्किंगमध्ये त्याचा सराव चाले. आमचा स्टोअर इनचार्ज रोमेल, हा फिलिपिनो, शाळेत असताना थोडंफार बेसबॉल खेळलेला होता. तो ग्लव्ह घालून कॅचर म्हणून बसायचा. आणि रोमेलच्या मागे, एका जाळीच्या आडोशाने, फोल्डिंगच्या खुर्चीवर काका. शारजाहून दुबईला ट्रॅफिकमधून दीड तास गाडी चालवत यायचे, हातात स्पीड मोजायचं मशीन घेऊन. मुलाने चेंडू फेकला की काका मशीन बघून ओरडत, "ब्याण्णव माइल्स! म्हणजे आपले एकशे अठ्ठेचाळीस!" बाकी लोक दिरहॅमचे रुपये करतात, तसे काका मैलांचे किलोमीटर करत. "त्र्याण्णव! म्हणजे आपले दीडशे झाले की रे! शाब्बास!"

चेंडू कुठे गेला, हे काका कधीच बघत नसत. बघायला तसा मार्गही नव्हता, त्यांचे डोळे मशीनच्या काचेवर असत. चेंडू रोमेलच्या डोक्यावरून जाई, बाजूच्या पॅलेटवर आदळे, एकदा तर झाकणांच्या कार्टनमध्ये शिरला आणि पांढरी झाकणं सगळ्या पार्किंगभर पसरली. "चौऱ्याण्णव!" काका ओरडले.

एकदा आमचा एक कंटेनर खोर फक्कानच्या पोर्टवर अडकला. मी आणि तो सकाळीच निघालो. डोंगरातून गाडी काढत तिथे पोचलो, कागदांचं काम उरकलं, "इन्शाल्ला, दुपारनंतर" असं उत्तर मिळालं. दुपारपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, घेतला आणि समुद्रावर जाऊन बसलो. पाण्यात थोड्या अंतरावर एक केशरी बोया तरंगत होता. तो माझ्याशेजारून उठला, इकडेतिकडे बघितलं, उजव्या हातावरची लोकरीची बाही काढली आणि वाळूतला एक गोटा उचलून फेकला.

मी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. माणूस एरवी खांद्यात वाकलेला, सगळ्यांना चुकवून चालणारा. पण तो हात मागे गेला आणि पुढे आला तेव्हा मध्ये काय झालं ते मला दिसलंच नाही. नुसता आवाज आला. आणि गोटा बोयाच्या टोकावर टाणकन बसला. त्याने दुसरा फेकला. तोही बसला. तिसराही.

"अरे," मी म्हटलं, "तुझा नेम तर चांगलाय!"

तो वाळूत बसला. आणखी एक गोटा उचलून तळहातावर फिरवत राहिला.

"इथे असतो, ताई," तो म्हणाला. "एकटा असलो की असतो. तिथे मी फेकतो ना, तेव्हा मला ग्लव्ह दिसतच नाही. आय मीन, दिसतो, पण मी त्याच्यासाठी फेकत नाही. मी बाबांच्या आकड्यासाठी फेकतो. बॉल सुटायच्या आधीच मला ऐकू येतं, नाइन्टी टू, नाइन्टी थ्री. मग बॉल कुठेपण जाऊ दे."

"मग सांग की काकांना, मशीन आणू नका म्हणून."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी त्याला वडिलांचा चष्मा फोडायला सांगितलं होतं. "त्यांच्याकडे दुसरं काय आहे?" तो म्हणाला.

मग पोर्टवरून फोन आला, आणि आम्ही उठलो. बाही त्याने पुन्हा चढवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं. पार्किंगमध्ये नेहमीचा सराव चालला होता. काका नेहमीपेक्षा जोरात होते, कारण दुबईत हिवाळ्यात बेसबॉलची एक नवी लीग सुरू होणार होती आणि तिला इथे वाढलेली मुलं हवी होती. "पंच्याण्णव पाहिजे!" काका म्हणत होते. "पंच्याण्णवच्या खाली ते लोक बघत पण नाहीत!" मी घरी निघाले होते, गाडीची किल्ली काढत होते. चेंडू सुटला. रोमेलने ग्लव्ह उजवीकडे नेला आणि चेंडू डावीकडून आला, सरळ त्याच्या बरगड्यांवर. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. रोमेल गुडघ्यांवर बसला आणि मग हळूच आडवा झाला.

"पंच्याण्णव!" काका उभे राहून ओरडले. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना रोमेल दिसला.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये रोमेल हसून "नो प्रॉब्लेम, सर, नो प्रॉब्लेम" म्हणत होता, आणि दर 'नो प्रॉब्लेम'ला कळवळत होता. आमचा पिचर मात्र भिंतीला टेकून उभा होता. काका कॉरिडॉरमध्ये मशीन मांडीवर घेऊन बसले होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्याबरोबर त्याने मला उजव्या हाताने शेकहँड केला. जनरल मॅनेजरांना केला, प्यूनला केला, एका मीटिंगला आलेल्या अनोळखी सप्लायरला केला. लोकरीची बाही नव्हती. खांबामागून टेबल त्याने बाहेर काढलं आणि एसीच्या अगदी खाली आणून ठेवलं. दुपारी पाण्याचा भरलेला मोठा कॅन उजव्या हाताने उचलून डिस्पेन्सरवर चढवला. सगळं ऑफिस खूश झालं. 'सुधारला', 'मॅच्युअर झाला', 'लग्नाचं बघायला हरकत नाही' असं लोक म्हणू लागले. मला मात्र त्याचा तो हात हातात घेताना कसंतरीच झालं. मोठा, गरम, अगदी साधा हात. आता तो कसल्याही ड्यूटीवर नव्हता.

तो कागद बघू लागला. चांगले बघू लागला. माझ्या हाताखाली इतका चोख माणूस मला कधी मिळाला नव्हता, आणि ह्याबद्दल मला अपराधी वाटावं इतका माझा फायदा होत होता.

हे मोडलं ते रोमेलनेच. बरगड्या जुळल्यावर एका संध्याकाळी तो ग्लव्ह घेऊन ह्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, पार्किंग," तो म्हणाला.

"नो, रोमेल. खलास. आय अॅम डन."

"सर, माय वाइफ इज इन वन रूम विथ मी एव्हरी इव्हनिंग. नो बेसबॉल, ओन्ली टॉकिंग. प्लीज, सर." मग त्याने स्वतःच्या छातीवर दोन थापट्या मारून दाखवल्या. "न्यू चेस्ट गार्ड. आय बॉट. यल्ला, सर, लेट्स गो."

हा हसला, बऱ्याच दिवसांनी. आणि उठला.

काका काही दिवस आले नाहीत. मग आले. पहिल्या दिवशी मशीन गाडीतच ठेवलं, दुसऱ्या दिवशी मांडीवर, आणि आठवड्याभरात ते पुन्हा "नव्वद! म्हणजे आपले..." म्हणू लागले, फक्त आता हळू आवाजात. काकांचा आवाज हळू झाला एवढाच फरक. चेंडू पुन्हा पूर्वीसारखा इकडेतिकडे जायला लागला.

लीगने त्याला घेतलं, कारण तिला इथला चेहरा हवा होता. हायवेवर त्याचा फोटो असलेलं एक होर्डिंगही लागलं, त्यावर 'द फ्युचर' असं लिहिलेलं होतं. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या फोटोखाली 'द फ्युचर'! काकांनी त्या होर्डिंगखाली गाडी थांबवून फोटो काढला आणि त्याबद्दल पोलिसांचा दंडही आनंदाने भरला.

लीग सुरू व्हायच्या तोंडावर काकूंनी जाहीर केलं की त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. लगेच. आणि पुण्यातच. काका हादरले. "अगं, आत्ता? लीग महिनाभराची आहे, मग जाऊ!" पण काकू ढिम्म हलल्या नाहीत. आयुष्यभर नवऱ्याच्या मागून चाललेली ती बाई. पहिल्यांदाच काही मागत होती, म्हणून काकांना नाही म्हणता येईना.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. काकू ओट्याशी उभ्या राहून मुलासाठी चिवडा करत होत्या, आणि तासभर उभ्या होत्या.

"काकू, गुडघा फार दुखतो का हो?" मी विचारलं.

त्यांनी हॉलकडे नजर टाकली. काका तिथे बॅग भरत होते. "दुखतो गं," त्या म्हणाल्या. "पण आणखी दोन वर्षं रेटला असता." मग कढईतले पोहे हलवत म्हणाल्या, "ह्यांना इथून हलवायचं तर माझं काहीतरी मोडल्याशिवाय कसं जमणार? पोराला एकदा एकट्याने फेकू दे."

तेवढ्यात काका आत आले. त्यांच्या हातात मशीन होतं, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "मॅचला तुम्ही बसा मागे. प्रत्येक बॉलचा आकडा मला कळवा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही." काकूंनी कढईवरून मान वर केली नाही.

लीगमध्ये पहिले बरेच दिवस कोचने त्याला बाकावरच बसवलं. एकदा खेळवलं आणि दोन बॅट्समन आयते चालत गेल्यावर काढून घेतलं. टीमच्या होर्डिंगवर मात्र तोच. ज्या दिवशी पुण्यात काकूंचं ऑपरेशन होतं, त्या दुपारी त्याच्या टीमची मॅच होती. मी मुलीला घेऊन गेले. जाळीमागची जागा मिळवली आणि मशीन मांडीवर काढून ठेवलं. मॅच शेवटच्या इनिंगपर्यंत आली. त्याची टीम एका रनाने पुढे होती, पण त्यांचे पिचर दमले होते. तिन्ही बेसवर समोरच्या टीमची माणसं उभी आणि एकही आऊट नाही. ह्यापुढे नेम चारदा चुकला की बॅट्समन आयता पहिल्या बेसवर, सगळे एकेक बेस पुढे, म्हणजे फुकट रन आणि बरोबरी. कोचकडे ताजा पिचर दुसरा उरलाच नव्हता. त्याने ह्याच्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

तो मैदानात जाण्याआधी जाळीपाशी आला. 

"ताई, आईचं झालं का?"

"अजून आत आहेत. काका बाहेर बसलेत."

त्याने माझ्या मांडीवरच्या मशीनकडे बघितलं. "ते बंद करा ना, प्लीज."

काकांचा भरवसा आणि काकूंची कढई, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर आली. मी बटण दाबलं. काच काळी झाली. तरी तो हलेना, म्हणून मी मशीन फडक्यात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. मग तो गेला.

पहिले तीन चेंडू खिडकीच्या बाहेर. लोक उठायला लागले. माझ्या मुलीने डोळ्यांवर हात घेतले. तो थांबला, वाकून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. मग उभा राहून कॅचरकडे बघत राहिला. खूप वेळ बघितलं. आणि फेकला.

मला चेंडू दिसला नाही. ग्लव्हमधून आवाज तेवढा आला, चामड्यावर चाबूक ओढावा तसा. कॅचरने ग्लव्ह हलवलाही नव्हता. जिथे धरला होता तिथेच चेंडू आला होता. पुढचाही तिथेच. त्याच्या पुढचाही. पहिला बॅट्समन आऊट झाला, तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिला, कारण त्याला पटेना. दुसऱ्याने तर बॅट फिरवली तीही चेंडू ग्लव्हमध्ये पोचल्यावर. उठलेले लोक पुन्हा बसले आणि मग सगळेच उभे राहिले. माझ्या शेजारचा एक अनोळखी पठाण, ज्याला बेसबॉलमधलं माझ्याइतकंच कळत होतं, मला म्हणाला, "बहनजी, ये बंदा इतने दिन कहाँ था?"

मी म्हटलं, "यहीं था, भाईसाब."

तिसऱ्या बॅट्समनची बॅट जेमतेम लागली. चेंडू सरळ वर उडाला आणि सावकाश खाली आला, कॅचरने तो धरला. तीन आऊट झाले आणि मॅच संपली. टीमने त्याला खांद्यावर घेतलं, आणि तो वरून ओरडत होता, "हाताला लागेल! हाताला लागेल!" रोमेल कुंपणावरून आत उडी मारून धावला होता आणि त्याला सिक्युरिटीने धरून ठेवलं होतं.

पार्किंगमध्ये येते तोच काकांचा फोन.

"झालं ऑपरेशन. बरी आहे ती, शुद्धीवर आली," ते म्हणाले. "इथे नेटवर्क नव्हतं. खेळवला का त्याला?"

"खेळवला, काका. जिंकून दिली मॅच."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. "किती? किती होता स्पीड?"

 "काका, मशीन बंद होतं. मी बंद केलं."

 हॉस्पिटलमधला लाउडस्पीकर कोणालातरी कुठल्यातरी काउंटरवर बोलवत होता, तो संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता ह्या माणसाने पुन्हा माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं.

"मग," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, "मग बॉल कुठे जात होता?"

"ग्लव्हमध्ये, काका."

"सगळे?"

"पहिले तीन सोडून सगळे."

"हं," ते म्हणाले.  "तो जेवला का?"

उरलेल्या लीगमध्ये त्याच्या चेंडूवर फारच थोडे लोक आयते चालत गेले. पेपरात फोटो आले. मंडळाच्या बैठकीत मी त्याच्या सत्काराचा विषय काढला, तर अध्यक्ष जरा अवघडून म्हणाले, "त्याचा झालाय ना? तीनदा झालाय. आता चौथ्यांदा केला तर बाकीच्या मुलांवर अन्याय होईल." ठराव नामंजूर झाला.

अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या टीमने त्याला एका सीझनपुरतं बोलावलं. त्याने राजीनामा दिला. मला पुन्हा चोख माणूस मिळाला नाही. काका-काकू पुण्यातच राहिले. काकू आता नव्या गुडघ्याने टेकडीवर फिरायला जातात आणि काका त्यांच्या मागून जातात.

परवा शनिवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून शुक्रवारची रात्र होती. एका जुनाट बसच्या पायरीवर बसून हातावर बर्फाची पिशवी धरून बोलत होता.

"ताई, आज हरलो!" तो म्हणाला. चेहरा असा की मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "माझ्यामुळेच हरलो. लास्ट इनिंगला सगळी वाट लावली."

"अरे देवा! मग? कोच काय म्हणाला?"

"काहीच नाही." तो हसायला लागला. "म्हणाला, ओके, टुमॉरो, टेन ओ'क्लॉक."

"बस? आणखी काही नाही?"

"काही नाही! कोणी माझ्याकडे बघितलंपण नाही. सगळे पिझ्झा खातायत." त्याने कॅमेरा फिरवून बसमधली माणसं दाखवली. ती खरोखरच पिझ्झा खात होती. "उद्या दहाला परत जायचंय, ताई," तो म्हणाला, आणि त्याला आत कोणीतरी हाक मारली म्हणून घाईने फोन ठेवला.